दुसऱ्या बाजूचा शॉट

सातव्या टेकलाही शाल्मली रडली नाही.

पाचगणीतल्या त्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात सकाळपासून साठ-सत्तर माणसं एका नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांकडे टक लावून बसली होती. दिव्यांची माणसं, मेकअपची माणसं, इंग्लंडहून आलेला पन्नाशीचा दिग्दर्शक, आणि कॅमेऱ्याच्या मागे, जिथे पालकांनी उभं राहू नये असं मला दोनदा बजावलं होतं तिथेच, मी. शाल्मलीने ओठ मुडपले, भुवया आक्रसल्या, नाक ओढलं. मी शिकवलेलं सगळं तिने केलं. डोळे मात्र कोरडेठाक.

दिग्दर्शकाने कट म्हटलं आणि गौतमीला जवळ बोलावून हळूच काहीतरी सांगितलं. गौतमी शेवडे ही पुण्याची मुलगी, त्याची सहायक, आणि साहेब लोक व आम्ही यांच्यातली दुभाषी. ती माझ्याकडे आली तेव्हाच मला कळलं की बातमी बरी नाही.

"सर, ते म्हणताहेत, नसेल जमत तर तिला त्रास नको देऊ या. मुंबईची ती दुसरी मुलगी हॉटेलवर आहेच. दुपारी तिला उभी करून बघू."

"ग्लिसरीन लावा ना."

"ग्लिसरीन त्यांना चालत नाही. खोटं पाणी कॅमेऱ्याला कळतं म्हणतात."

"मला दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. "रडेल ती. माझी गॅरंटी."

हे सगळं चाललं होतं तेव्हा तो पायरीवर बसून उकडलेलं अंडं सोलत होता. तो म्हणजे ल्यूक हॉबडे, चित्रपटाचा नायक. बावीस वर्षांचा, गालावर धड दाढी नाही, अंगात बेचाळीस सालच्या पोलीस अधिकाऱ्याचा खाकी गणवेश. अंड्याची सालं तो हातातल्या कागदावर नीट गोळा करत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता. त्याचं ते बघणं मला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. जकात नाक्यावरचा माणूस ट्रककडे बघतो तसं तो माझ्याकडे बघायचा.

ही एकोणीसशे शहाण्णव सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मी तेव्हा सांगलीत एका शाळेत शिक्षक होतो आणि वीस वर्षं बालनाट्यं बसवत होतो. तुंगारे सरांची मुलं म्हणजे राज्य नाट्यस्पर्धेत पहिला नाहीतर दुसरा नंबर, असं लोक म्हणायचे. त्याआधी, लग्नापूर्वी, मी मुंबईत आठ महिने स्टुडिओंच्या फाटकांवर उभा राहून आलो होतो. तिथे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आत कोणी घेतलं नाही, एवढंच झालं. आणि आता माझ्या मुलीला तीनशे मुलींमधून एका इंग्लिश चित्रपटासाठी निवडलं होतं. माझ्या आयुष्यात धड झालेली ती पहिली गोष्ट होती. ती मुंबईच्या कुठल्या मुलीला देऊन घरी परतायची माझी तयारी नव्हती. कोणी काही म्हणो, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

चित्रपटात शाल्मली होती बंगल्यावरच्या आचाऱ्याची मुलगी. त्या आचाऱ्याला तरुण साहेबाने पकडून नेलेलं असतं. साहेब परत येतो, दारात ती उभी असते. ती विचारते, "बाबा कुठायत?" तो उत्तर देत नाही. ती समजते. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. अख्ख्या चित्रपटाचा जीव त्या पाण्यात होता, असं दिग्दर्शकच म्हणायचा.

ल्यूकची आणि माझी पहिली भेट युनिटच्या जेवणाच्या तंबूत झाली होती. गौतमीने ओळख करून दिली. मी हात पुढे केला आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की मीही रंगभूमीवरचा माणूस आहे. त्याने हात हातात घेतला, सोडला आणि गौतमीला विचारलं, "ती आज किती वाजता उठली?"

"कोण?"

"मुलगी."

"पाच वाजता," मी म्हणालो. मला वाटलं, कौतुक करेल.

"आणि तिची शाळा?"

"रजा काढलीय."

"आमच्याकडे लहान मुलांबरोबर सेटवर एक बाई ठेवतात," तो म्हणाला. गौतमी त्याचं बोलणं जरा सभ्य करून मराठीत आणत होती, पण मूळ काय असेल ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "मुलगा दमला, घाबरला, तर ती बाई काम बंद पाडू शकते. इथे ती कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो. "बाप आहे मी तिचा."

त्यावर तो हसला. त्या हसण्याचा मला इतका राग आला की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काल मिसरूड फुटलेलं पोर, आणि मला मुलं वाढवायला शिकवतंय. नंतर मेकअपवाल्याने सांगितलं की हा आठव्या वर्षापासून कॅमेऱ्यासमोर आहे. त्यांच्याकडच्या टीव्हीवर एका अनाथ मुलाची मालिका होती, तिच्यात हा असा काही रडला की सबंध देशाने रुमाल काढले. तेव्हापासून त्याचं नाव. मी म्हटलं, बघा, आठव्या वर्षी स्वतः गाडी-बंगला कमवायचा आणि आमच्या पोरीच्या वाटेत आडवं यायचं. गोऱ्यांची जुनीच खोड.

त्यात आणखी भर म्हणजे शाल्मलीला तो आवडायला लागला. दोन शॉटच्या मध्ये तो तिच्याशी दोरीचे खेळ खेळायचा. ती त्याला मराठी शब्द शिकवायची. पाणी, मांजर, आई, चप्पल. तो ते मोडके तोडके म्हणायचा आणि ती पोट धरून हसायची. मी तिला दोनदा दटावलं की शॉटच्या आधी हसायचं नाही, चेहरा सैल पडतो.

आता माझ्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. मुलांना रडायला शिकवता येत नाही, रडवावं लागतं, हे माझं वीस वर्षांचं मत होतं. दोन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या वेळी पडदा उघडायच्या आधी मी शाल्मलीला सांगितलं होतं की आपली मांजर ट्रकखाली गेली. ती रंगमंचावर ढसाढसा रडली. पहिलं बक्षीस मिळालं. घरी गेलो तर मांजर पायरीवर बसलेली. शाल्मलीही हसली. त्यानंतर एकदा तिची मैत्रीण शाळा सोडून चालली म्हणून सांगितलं, एकदा आजी पडली म्हणून. प्रत्येक वेळी नाटक संपलं की मी खरं काय ते सांगत असे, त्यात लपवाछपवी नव्हती. फक्त पोर शहाणी होत गेली. पाचगणीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी असंच काही सांगायला लागलो, तर तिने मान वर करून विचारलं, "खोटं ना, बाबा?"

म्हणून त्या सकाळी सात टेक वाया गेले.

नलिनी, माझी बायको, तेव्हा मिरजेला दवाखान्यात होती. पिशवीचं ऑपरेशन. तारीख आधीच ठरलेली, आणि शूटिंगची तारीखही ठरलेली. नलिनीच म्हणाली होती, "तुम्ही जा हो तिला घेऊन. शकू आहे ना माझ्याजवळ." शकू तिची धाकटी बहीण. ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. शाल्मली रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न विचारायची, "आईचा फोन आला?" त्या दिवशी पहाटे मी बाजारातल्या बूथवर जाऊन दवाखान्यात फोन केला होता. शकू म्हणाली, सगळं व्यवस्थित झालं, शुद्धीवर आहे, आत्ताच चमचाभर चहा घेतला. मी ते शाल्मलीला सांगायचं ठेवलं होतं. शॉट झाल्यावर सांगू, आधी सांगितलं तर खूश होऊन बसेल, असा विचार केला.

मिळालेल्या दहा मिनिटांत मी तिला बंगल्यामागे सिल्व्हर ओकच्या झाडांत घेऊन गेलो. गुडघ्यांवर बसलो, तिचे दोन्ही खांदे धरले. या वेळी माझ्याही डोळ्यांत पाणी आणलं. एवढं मला येत होतं, शेवटी मीही नट होतो. मग एक वाक्य बोललो. आणि वर सांगितलं, "हे आत्ता कोणाला बोलायचं नाही. गौतमीताईंना नाही, त्या साहेबाला तर नाहीच. काम संपलं की आपण लगेच निघू."

तिने खोटं ना असं विचारलं नाही.

आठवा टेक. ल्यूक पायऱ्या चढून आला, ती दारात उभी. "बाबा कुठायत?" तिने विचारलं आणि तिचा आवाजच वेगळा होता. तो गप्प राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं. चेहरा जराही हलला नाही, ओठ मुडपले नाहीत, मी शिकवलेलं काहीएक तिने केलं नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं. दिव्यांची माणसंसुद्धा श्वास रोखून उभी होती. ल्यूकने शेवटी तिला आत जा म्हणायचं होतं. ते म्हणताना त्याचा आवाज फुटला.

दिग्दर्शकाने कट म्हटलं. मग टाळ्या पडल्या. दिग्दर्शक गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला आणि त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. मुंबईच्या फाटकांवरचे आठ महिने त्या एका क्षणात वसूल झाले. मला खरंच खूप आनंद झाला. तेव्हा झाला होता, म्हणून लिहितो.

"अजून दुसऱ्या बाजूचा शॉट आहे," गौतमीने सांगितलं. "आता ल्यूकच्या पाठीमागून, लांबून तिचा चेहरा झाला. कॅमेरा दुसऱ्या बाजूला फिरवून, जवळून, पुन्हा एकदा घ्यायचाय. दिवे बदलायला तासभर लागेल. तोपर्यंत तिला तशीच ठेवता येईल का, असं विचारताहेत."

"ठेवतो," मी म्हणालो.

व्हरांड्याच्या टोकाला सामानाची एक मोठी पेटी होती. मी शाल्मलीला तिच्यावर बसवलं आणि समोर उभा राहिलो, म्हणजे कोणी येऊन बोलणार नाही, बिस्किटं देणार नाही, भाव मोडणार नाही. ती हुंदके देत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मेकअपवाली बाई आली, तिने गाल टिपले, गेली. दिव्यांचे स्टँड फरशीवरून ओढत नेत होते. अर्धा तास गेला असेल. मग शाल्मलीने मला विचारलं,

"बाबा, आईला घरी आणतील, की तिकडूनच नेतील?"

त्या झाडांखाली मी काय बोललो होतो ते आता वेगळं सांगायला नको.

त्या वेळी मी सांगू शकत होतो. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण समोर दिवे लागत होते, कॅमेरा फिरला होता, जेमतेम अर्ध्या तासाचा प्रश्न होता. मी म्हणालो, "ते नंतर बोलू हं."

तिने मान हलवली.

तेवढ्यात ल्यूक आला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. मी आडवा आलो. "नो," मी म्हणालो. "मूड. प्लीज." त्याने मला खांद्याने बाजूला सारलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने पाणी घेतलं नाही. मग त्याने मागे वळून गौतमीला हाक मारली. तिला यावंच लागलं.

"तिला विचार काय झालंय."

गौतमी वाकली. "शाल्मली, काय झालं गं? कोणी काही बोललं का तुला?"

शाल्मलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही, शपथेवर सांगतो. तिने नाक पुसलं आणि चक्क थोडी हसली.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "मला येतं रडायला."

गौतमीने ते इंग्रजीत सांगितलं. माझी छाती फुगली. तसल्या अवस्थेत माझ्या पोरीने काय काम केलं होतं. मी त्या पोराकडे विजयाने बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीही हेच सांगायचो," तो म्हणाला. "अगदी हेच. हसून." मग माझ्याकडे न बघता गौतमीला म्हणाला, "त्याला विचार, त्याने तिला काय सांगितलं."

"मांजराची आठवण करून दिली," मी म्हणालो. "आमची जुनी मांजर. एवढंच."

मांजर हा शब्द त्याला कळत होता. तो शाल्मलीकडे वळला. "मांजर?" त्याने विचारलं. ती नुसती बघत राहिली. त्याने थोडा विचार केला. तिने शिकवलेले शब्द तो आठवत असावा. मग म्हणाला, "आई?"

शाल्मलीचा चेहरा पार मोडला. ती पेटीवरून घसरली आणि त्याच्या गणवेशात तोंड खुपसून तिने इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं मोकळं सोडलं.

पुढच्या पाच मिनिटांत बरंच काही झालं. त्याने तिला गौतमीकडे दिलं, उठून माझ्या शर्टाला धरलं आणि मला खांबावर दाबलं. दिग्दर्शक धावत आला. युनिट जमलं. मी मराठीत ओरडत होतो, तो इंग्रजीत. गौतमीने दोघांचंही भाषांतर करणं सोडून दिलं होतं. ती तिथेच फरशीवर बसून शाल्मलीला सांगत होती, "अगं, तुझी आई बरी आहे. काही झालेलं नाही तिला."

"तुम्हाला माहीत नाही," शाल्मली रडत म्हणाली.

दिग्दर्शकाला सगळी हकिगत कळली तेव्हा त्याने कपाळ चोळलं. मग घड्याळात पाहिलं. आणि अगदी शांतपणे ल्यूकला जे बोलला ते मला माझ्या तेवढ्या इंग्रजीतही कळलं. तो म्हणाला, वाईट झालं, पण आता झालंच आहे, तर आधी शॉट घेऊन टाकू, मग तिला सांगू.

मी म्हटलं, बघा. मोठ्या माणसाला कळतं.

ल्यूकने डोक्यावरची टोपी काढली, कमरेचा पट्टा सोडला आणि दोन्ही दिग्दर्शकाच्या पायाशी टाकली. "मी नाही करणार," तो म्हणाला. "आज नाही, आणि हा माणूस इथे असेपर्यंत कधीच नाही."

"गौतमी, याला सांगा," मी म्हणालो. माझा तोल सुटला होता. "सांगा, याला लहानपणी असंच रडवलं तेव्हा चाललं ना? आता नाव झालं, पैसा झाला, मग दुसऱ्यांनी का नाही करायचं?"

गौतमी सांगेना. पण त्याने तिला सांगायला लावलं. ऐकल्यावर त्याचा राग एकदम खाली बसला.

"सेटवरची ती बाई म्हणजे माझी आईच होती," तो म्हणाला. "तिने मला सांगितलं होतं की माझा धाकटा भाऊ तळ्यात बुडाला. त्या सीनला सहा बाजू होत्या. सकाळी सांगितलं आणि संध्याकाळी म्हणाली, घरी आहे तो, खेळतोय. मग मला आइस्क्रीम दिलं."

"आणि झालास ना नट," मी म्हणालो. हे मी इंग्रजीत म्हणालो.

"झालो," तो म्हणाला. "बघतोयस ना."

मग त्याने मला खांद्याला धरून शाल्मलीसमोर उभं केलं. सगळं युनिट बघत होतं. मला सांगावंच लागलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "बाळा, खोटं होतं गं ते. आई छान आहे. सकाळीच मावशीशी बोललो. चहासुद्धा घेतला तिने."

तिने माझ्याकडे बघितलं. रडणं थांबलं होतं.

"कुठलं खोटं होतं?" तिने विचारलं. "मघाचं का हे?"

"मघाचं. अगं, मघाचं."

तिने हो म्हटलं. परीक्षेत मास्तर जे म्हणतील त्याला मुलं हो म्हणतात, तसं. ते मला दिसलं, पण रागच इतका होता की मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गौतमी म्हणाली, आपण बाजारात जाऊन फोन लावू, मावशीशी बोलू दे तिला. ल्यूकने नको म्हटलं. फोनवर कोणीही काहीही सांगतं, तो म्हणाला, तिला दाखवा. त्याच्या दिमतीला कंपनीची एक गाडी होती. ती त्याने दारात बोलावली. शाल्मली मागच्या सीटवर बसली, अंगावर आचाऱ्याच्या मुलीचं ठिगळाचं परकर-पोलकं तसंच. गौतमी तिच्या शेजारी बसली. मी पुढचं दार उघडलं, तर त्याने ते माझ्या हातातून ओढून बंद केलं आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. माझ्या मुलीचं नशीब त्याने गाडीत घातलं आणि मिरजेला पाठवून दिलं. व्हरांड्यात सगळे दिवे लागलेले होते, कॅमेरा दाराकडे तोंड करून उभा होता आणि दारात कोणी नव्हतं.

मी एसटीने गेलो. वाई, सातारा, कराड, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलत. दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गौतमी तिला सोडून परत गेली होती, आणि शाल्मली खाटेच्या कडेला बसून होती. नलिनी डोळे मिटून पडली होती आणि शाल्मलीने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मी दारात दिसल्यावर नलिनी क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, लवकर संपलं का? ही म्हणते, छान जमलं तिला."

मी शाल्मलीकडे पाहिलं. ती आईकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "छान झालं."

तो दुसऱ्या बाजूचा शॉट दोन दिवसांनी मुंबईच्या मुलीला घेऊन झाला. आधीचेही सगळे शॉट तिच्यावर पुन्हा घेतले. गौतमीचं पत्र आलं, त्यात होतं की शेवटी ग्लिसरीनच लावलं आणि दिग्दर्शक काही बोलले नाहीत. मी ते पत्र फाडून टाकलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रविवारच्या पुरवणीत एकदा त्याच्यावर चार ओळी आल्या. दारूपायी दोन चित्रपटांतून काढलं, आता सिनेमा सोडला, समुद्राकाठी कुठेतरी होड्या रंगवतो, भेटायला कोणाला येऊ देत नाही. मी ते नलिनीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, जिरली. ती म्हणाली, "कोण हा?" तिला माहीतच नव्हता. शाल्मलीने तिला पाचगणीचं काहीच सांगितलं नव्हतं, आणि मी कशाला सांगतोय.

बापलेकीत कधी भांडण झालं नाही. ती अभ्यासात हुशार निघाली, नाटकात परत आली नाही, मीही आग्रह केला नाही. पुण्याला फिजिओथेरपी शिकायला गेली. दर रविवारी फोन करायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. मला वाटलं, लहान होती, विसरली.

पाचगणीनंतर बाराव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, नलिनी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारच्या हेर्लेकर वहिनी धावत आल्या, त्यांनी तिच्या अंगावर चादर घातली. शाल्मलीला कळवायला हवं होतं. वहिनी म्हणाल्या, मी करते फोन. मी म्हटलं, नको, मी बाप आहे, मीच सांगतो.

तिने लगेच उचलला. मागे कॉलेजमधला गलका ऐकू येत होता. मी रडत होतो. माझा आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

"शाल्मली," मी म्हणालो. "आई गेली गं."

पलीकडचा गलका हळूहळू कमी झाला. ती बाहेर कुठेतरी आली असावी. मला वाटलं, आता ती कोसळेल, तिला धीर द्यायला हवा. मी काही बोलणार तेवढ्यात तिचा आवाज आला. अगदी शांत, कसलाही राग नसलेला.

"बाबा, तिथे दुसरं कोण आहे? फोन जरा त्यांच्याकडे द्या."

मी हेर्लेकर वहिनींच्या हातात फोन दिला. त्या म्हणाल्या, "हो बाळा. खरं आहे." मग पलीकडून तिचं रडणं सुरू झालं. मी दोन हात लांब उभा होतो, मलासुद्धा ते ऐकू येत होतं.